रकानेवाले तात्या

सहकारी संस्थेला चेअरमन असतो, सेक्रेटरी असतो, संचालक मंडळ असतं आणि एक तात्या असतात. पहिल्या तिघांचे फोटो अहवालात छापून येतात. तात्यांचं नावसुद्धा कुठं नसतं. पण तो अहवाल सरळ उभा असतो तो तात्यांच्या जिवावर. सरळ म्हणजे शब्दशः सरळ. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, पैशाखाली पैसा.

कोल्हापूर जिल्ह्यात संस्थांना तोटा नाही. असलाच तर तो ताळेबंदात. गावागणिक दूध संस्था आणि सेवा सोसायटी, पेठेगणिक पतसंस्था, वर साखर कारखाने, सूतगिरण्या, १९६३ सालचा गोकुळ दूध संघ. ३१ मार्चला सगळ्यांचं वर्ष संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्या, असं कायदा सांगतो. मधले महिने लेखापरीक्षणात जातात. मग अहवाल छापायला येतात ते नेमके गणपतीच्या तोंडावर. लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत डीटीपीच्या दुकानात त्या दिवसांत शिरून बघा. एका संगणकावर मंडळाचं पावती पुस्तक, दुसऱ्यावर ‘सभासद बंधू-भगिनींनो’, आणि या दुसऱ्याच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर रेक्झिनची पिशवी घेऊन बसलेले तात्या.

तात्या निवृत्त असतात, पण संस्थेनं त्यांना सोडलेलं नसतं. खरं तर त्यांनी संस्थेला. खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. ही पट्टी ते खुशाल मॉनिटरच्या काचेवर लावतात. दुकानदार दरवर्षी ओरडतो, “तात्या, स्क्रीनवर चरे पडत्यात!” तात्या पट्टी उचलतात, शर्टाला पुसतात आणि पुन्हा लावतात. गवंडी ओळंब्याकडं बघतो तसा एक डोळा मिटून निवाडा देतात, “ह्यो सात जरा भायेर आलाय.”

ही झाली प्राथमिक तपासणी. खरी परीक्षा कागदावर. प्रूफ हातात आलं की तात्या ते पैशांच्या टिंबांवरून उभं दुमडतात. नखानं घडी पक्की करतात. मग ट्यूबलाइटसमोर धरून बघतात, रकान्यातली सगळी टिंबं घडीवर बसली का. एखादं टिंब केसभर इकडं-तिकडं झालं की त्यावर लाल गोल. ते टिंब ज्या रकमेचं, ती रक्कम बरोबर आहे का, हे तात्या त्या वेळी पाहत नाहीत. तो सीएचा प्रांत. सीएनं सही केली म्हणजे बेरीज बरोबर. आता ती दिसायला बरोबर पाहिजे.

हे खूळ कुठून आलं, तर टायपिंग इन्स्टिट्यूटमधून. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस या दोन सरकारी परीक्षा पास झाल्याशिवाय कारकुनी मिळत नसे त्या काळातली ही पैदास. परीक्षेत पत्र असे, वेगाचा उतारा असे आणि ‘स्टेटमेंट’ असे. स्टेटमेंट म्हणजे रकान्यांचा तक्ता. त्यात भलेभले आपटत. यंत्र गोदरेजचं. १९५५ साली गोदरेजनं देशी बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला आणि पुढं निदान दोन पिढ्यांच्या करंगळ्या त्यावर झिजल्या. रकाने पाडायला त्या यंत्रात टॅबची सोय होती. पण इन्स्टिट्यूटमधल्या यंत्राचा टॅब धड असेल तर ती इन्स्टिट्यूट कसली? त्यामुळं मास्तर सांगत, स्पेस मोजा. टाइपरायटरवर एक असो, आठ असो, स्वल्पविराम असो, नाहीतर मोकळी जागा, सगळ्यांना माप एकच. मोजलं की बसलं. तात्यांच्या अंगात ते मोजणं जे भिनलं, ते यंत्र भंगारात गेलं तरी उतरलं नाही.

पुढं संगणक आला. तात्यांनी त्याला मोठा टाइपरायटर मानलं आणि मोजायला गेले, तर माप चुकायला लागलं. दुसरा कुणी असता तर हबकला असता. तात्या संस्थेत एक रविवार बंद दाराआड बसले आणि नियम शोधून बाहेर आले: रकमेतला एक आकडा कमी असेल तर दोन स्पेस, एक स्वल्पविराम कमी असेल तर एक. बारा हजाराखाली साडेनऊशे बसवायचे, तर दोन आकडे आणि एक स्वल्पविराम कमी, म्हणून पाच स्पेस. लागलं गणित!

मला आधी ही थाप वाटली होती. पण ते खरं आहे. टाइम्स न्यू रोमन हे अक्षरवळण लंडनच्या ‘द टाइम्स’ या वर्तमानपत्रासाठी घडवलं आणि १९३२ साली ते वापरात आलं. त्यात दहाही आकडे एकाच रुंदीचे, आणि टिंब, स्वल्पविराम, मोकळी जागा हे तिन्ही बरोबर त्याच्या निम्मे. एरियलमध्येही तेच. आकडे एकाखाली एक नीट बसावेत म्हणूनच कारागीर ते सारख्या रुंदीचे करतात. म्हणजे कुण्या साहेबानं हिशेब करून ठेवलेली गोष्ट आमच्या तात्यांनी स्पेसबार बडवून बडवून परत शोधली होती. विद्यापीठात याला संशोधन म्हटलं असतं. डीटीपीवाला म्हणाला, “तात्या, टेबल टाका की.”

टेबल आणि टॅब ही नावं तात्यांसमोर काढायची नाहीत. “टॅब म्हंजे मशीनवर भरवसा. स्पेस म्हंजे आपल्या बोटावर.” हे त्यांचं तत्त्वज्ञान. टॅब एकदा दाबला की आकडा उडी मारून कुठं तरी जाऊन पडतो. तो कुठं पडणार हे पडद्यावरल्या पट्टीतल्या एका चिमुकल्या खुणेनं ठरवायचं, हे त्यांना उधारीवर दूध घालण्यासारखं वाटतं. स्पेसचं तसं नाही. खट् केलं की इतकं, खटखट केलं की तितकं. रोख व्यवहार.

आता ताळेबंद म्हणजे काय प्रकरण असतं ते डोळ्यांसमोर आणा. डावीकडं ‘भांडवल व देणी’, उजवीकडं ‘जिंदगी व येणी’. दोन्हीकडं चालू साल आणि मागील साल. म्हणजे एका ओळीत दोन नावं आणि चार रकमा, आणि या सगळ्यांना जागेवर धरून ठेवलंय ते फक्त स्पेसनी. नावं मराठी फॉन्टात, प्रत्येकाची लांबी वेगळी. ‘राखीव निधी’ संपतो एका ठिकाणी, ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ संपतो पार दुसऱ्या टोकाला. दोन स्पेसचा नियम तिथं चालत नाही. अर्धी-पाव स्पेस उरतेच. त्यावरही तात्यांकडं तोड आहे. ओळीतली एकच स्पेस निवडायची आणि तिचा पॉइंट बारावरून सातावर आणायचा. नाही बसलं तर सहा. नाही बसलं तर दुसरी एखादी चौदा करायची. एकेक ओळ अशी सोनाराच्या ताजव्यात बसवत बसवत एक पान व्हायला दुपार जाते. आणि ते झाल्यावर चेअरमनांचा फोन येतो, ‘इमारत निधी’च्या जागी ‘इमारत व फर्निचर निधी’ करा. तेवढ्यानं ओळीतल्या चारही रकमा उजवीकडं सरकतात आणि शेवटची खालच्या ओळीत पडते. अशा वेळी तात्या काही बोलत नाहीत. पिशवीतून तंबाखूची डबी काढतात.

यंदा तर याहून मोठा घोळ झाला. नव्या चेअरमनांनी सांगून पाठवलं, संस्था मराठी, सभासद मराठी, मग आकडे इंग्रजी कशाला? दुकानातल्या नव्या ऑपरेटर पोरीनं कंट्रोल-ए मारलं आणि सगळ्याचा फॉन्ट मराठी केला. क्षणात आकड्यांनी रांग मोडली. एरवी लष्करासारखी उभी असणारी ठेवींची रक्कम जत्रेतल्यासारखी सांडली. कारण त्या मराठी फॉन्टात आकड्यांची रुंदी सारखी नव्हती. १ अंग चोरून उभा, तर ९ ऐसपैस. स्पेसचं माप आणखी तिसरंच. दोन स्पेसचा नियम, ज्यावर तात्यांनी वर्षानुवर्षं रकाने उभे केले होते, तो डोळ्यांदेखत वारला.

पोरगी शांत होती. कोल्हापूरच्या पोरींना घाबरायचं कसं हे ठाऊक नसतं. “तात्या, जावा, च्या पिऊन या. तंवर मी करून ठेवतो.” तात्या परत आले तेव्हा प्रत्येक रकाना उजव्या कडेला नीट लागला होता. “टेबल टाकलो आणि उजवीकडून लावलो,” ती म्हणाली. “आता नावात कायबी बदला, रक्कम हलत न्हाई.” तिनं मुद्दाम ‘इमारत व फर्निचर निधी’च्या पुढं ‘आणि रंगरंगोटी’ लिहून दाखवलं. रक्कम ढिम्म. तात्यांच्या चेहऱ्यावर, सून स्वयंपाक बरा करते हे पहिल्यांदा कळल्यावर सासूच्या चेहऱ्यावर येतं, ते आलं.

पण प्रूफ मागून घेतलं. दुमडलं. ट्यूबलाइटसमोर धरलं. आणि अख्खं दुकान ऐकेल असे म्हणाले, “टिंबं बघ!”

टिंबं खरंच डुलत होती. उजवी कड सरळ होती, पण कुठं अकरा पैसे, कुठं नव्याण्णव. अकरा अरुंद, नव्याण्णव रुंद, म्हणून त्यांच्याआधीचं टिंब प्रत्येक ओळीत थोडं थोडं सरकलेलं. पोरीनं मान वाकडी करून पाहिलं आणि पहिल्यांदाच पट्टी मागितली. मग दोघांची बराच वेळ खलबतं चालली. आकडे परत इंग्रजी करावेत, तर चेअरमन आडवे. दुसरा फॉन्ट घ्यावा, तर सगळा मजकूर नव्यानं तपासा. शेवटी तात्या म्हणाले, “जुन्या खतावणीत रुपयं येगळं आणि पैसं येगळं असायचं. मधी तांबडी रेघ.”

“मग टिंब?”

“टिंबच न्हाई. रेघ हाय की.”

पोरीनं प्रत्येक रकान्याचे दोन केले. रुपयांचा उजवीकडून, पैशांचा मधोमध, आणि मध्ये बारीक उभी रेघ. वर ‘रु.’ आणि ‘पै.’. टिंब गेलं आणि त्याबरोबर भांडणही. तो ताळेबंद मी पाहिला आहे. इतकं देखणं पान त्या दुकानातून क्वचितच बाहेर पडलं असेल. तात्यांनी पुन्हा दुमडला, घडी रेघेवर घातली आणि लाल पेनाला टोपण लावलं. दुकानदारानं मात्र बिलात ‘टेबल पान, दुप्पट दर’ लावायला कमी केलं नाही, आणि तात्यांनी त्यातले दहा टक्के कापून घ्यायला.

आता कुणी विचारेल, सभेत हे पान कोण बघतं? कोण कशाला बघेल! विषय क्रमांक तीन वाचून होण्याआधी मागून “मंजूर, मंजूर” सुरू होतं. सभासद लाभांश किती टक्के तेवढं बघतात आणि अहवाल वारा घ्यायला वापरतात. विरोधक तेवढे ताळेबंद उघडतात. पण हा जो विरोधक नावाचा प्राणी आहे, त्याला आकड्यात काही सापडलं नाही तर तो रूपाकडं वळतो. “बेरजेखाली बेरीज न्हाई, ह्यो कसला कारभार!” अशी एक आरोळी कुठल्याशा जुन्या सभेत तात्यांच्या संस्थेनं ऐकलेली आहे. त्या वर्षी नफा चांगला होता, लेखापरीक्षणाचा वर्ग अ होता, तरी गावात चर्चा झाली ती वाकड्या रकान्याचीच. वाकडं दिसलं की लोकांना वाकडं केल्याचा वास येतो. तात्या तेव्हापासून खुर्ची घेऊन ऑपरेटरच्या मागं बसतात. माझ्या मते संचालक मंडळातल्या निम्म्या मंडळींपेक्षा त्यांना सहकार जास्त कळतो.

यंदाचा अहवाल छापायला गेल्यावर तात्या दुकानात उगाचच थांबले होते. पोरगी गेल्या वर्षीची फाइल काढून टाकायच्या बेतात होती. टाकण्याआधी तिनं सहज वरचं एक बटण दाबलं, जे दाबलं की लपलेल्या खुणा दिसायला लागतात. टॅबच्या जागी बाण उमटतो, प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका. पडदा ठिपक्यांनी भरून गेला. नावापासून रकमेपर्यंत ठिपके, रकमेपासून रकमेपर्यंत ठिपके, काही बारीक, काही ठसठशीत.

“हे काय गं?”

“तुमच्या स्पेसा, तात्या.”

तात्या खुर्ची पुढं ओढून बसले. बोट लावून एका ओळीतले ठिपके मोजू लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग म्हणाले, “ह्याची एक प्रिंट काढ. ठिपक्यांसकट.”

“ठिपके छापून येत न्हाईत, तात्या. ते नुसतं बघायला असतंय.”

“मग मोबाइलवर फोटू मार.”

तिनं फोटो काढून पाठवला. संध्याकाळी तो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, चेअरमनांच्या सत्काराच्या फोटोंच्या खाली, आला. त्याखाली तात्यांनी लिहिलं होतं: ‘मागील सालचे कामकाज.’