पहाटे साडेचारचे इंदूर

सुपर कॉरिडॉरवरच्या एका कचेरीत साहेबांना हुक्की आली: कोण किती वाजता लॉगिन करतो, ते एचआरच्या ताईंना रोज दिसले पाहिजे. त्याला दोन-तीन रकान्यांचा एक व्ह्यू आणि फक्त वाचायची परवानगी पुरली असती. पण भिया, हे इंदूर! इथे पोहे मागितले की जिलेबी आलीच. ताईंना अख्ख्या डेटाबेसचा पासवर्ड मिळाला, तोही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

आठवड्याने अहवाल आला. सारा स्टाफ पहाटे साडेचारला कामाला लागतो आणि दुपारी साडेबाराला पसार होतो! साहेबांनी आधी पाठी थोपटल्या, मग मेमो काढले. मध्यरात्रीपर्यंत सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू चापणारा आमचा स्टोअरकीपर पहाटे साडेचारला टेबलावर कसा, हे कोणालाच खटकले नाही. डेटाबेसातली वेळ ग्रीनिचची, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. हे सांगू शकणारा एकटा पोरगा रजेवर होता.

2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पासवर्ड असा ग्रुपवर वाटण्याच्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. साहेब म्हणाले, ‘‘ते मोठ्या कंपन्यांसाठी.’’ पासवर्ड अजून तोच आहे. ग्रुपमध्ये चहावालाही आहे.