चार खांबांचा धनी

पूर्वी ज्याला देह कमवायचा असे, तो पहाटे उठून तालमीत जाई, मारुतीला नमस्कार करी, लाल मातीत अंग घोळवी आणि वस्तादाच्या शिव्या प्रसादासारख्या शिरोधार्य मानी. खर्च म्हणाल तर एका लंगोटाचा. आमच्या शेजारच्या लोहोपासकाचा मार्ग याहून प्रशस्त आणि पुष्कळच खर्चिक आहे. तो आधी व्यायामशाळा कमावतो. देह तिच्या मागोमाग येईल, अशी त्याची श्रद्धा आहे. ही जमात हल्ली कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत सर्वत्र आढळते. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, पोट नुकतेच स्वायत्त झालेले आणि दप्तरी जिमची वर्षभराची वर्गणी आगाऊ भरून तिकडे एकंदर तीन वेळा फिरकल्याची नोंद, ही तिची ठळक लक्षणे.

त्याच्या संसाराचे सार म्हणजे पॉवर रॅक. चार पोलादी खांबांचा जणू बिनछपराचा देव्हाराच तो! खांबांना वरपासून खालपर्यंत ओळीने भोके असतात. त्यांत अडकवलेल्या दोन आकड्यांवर सात फुटी, २० किलोची दांडी विसावते, आणि खांद्यांवर वजन घेऊन बैठक मारताना गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिलाच, तर ती दांडी माणसाला जमीनदोस्त न करता खाली बेताच्या उंचीवर लावलेल्या दोन आडव्या नळ्यांवर टेकते. सारांश, एकट्याने वजन उचलणाऱ्याचा तो जामीन आहे. आता हा जामीन नवा का घेऊ नये, असे विचारण्याचा प्रमाद मी केला. ‘‘काका, लोखंड शिळं होत नाही,’’ तो म्हणाला, ‘‘आणि जानेवारीतले संकल्प पावसाळ्यात स्वस्त मिळतात.’’ या एका सिद्धांतापुरते त्याचे अर्थशास्त्र निर्दोष आहे.

अखेर श्रावणात वाकडला एक रॅक विकाऊ असल्याची खबर लागली आणि पंच म्हणून मला सोबत नेण्यात आले. खिशात टेप, हातात विजेरी आणि वहीत सोळा कलमांची यादी, अशा सरंजामानिशी आमचा लोहोपासक त्या घरात शिरला आणि थबकला. तीनशे किलो पेलण्याची ग्वाही मिरवणाऱ्या रॅकच्या वरच्या नळीला सुती साडीची झोळी बांधलेली होती, आणि तीत सात-आठ किलोंचे एक बाळ गाढ झोपले होते. विकणारा गृहस्थ ओठांवर बोट ठेवून उभा होता. मग जो पंचनामा झाला तो सर्वस्वी मूक होता. खांब बोटाच्या पेराने अलगद वाजवण्यात आले, वेल्डिंगचे सांधे विजेरीने न्याहाळण्यात आले, आकड्यांवरचे प्लॅस्टिक झिजल्याची नोंद झाली, तळाचा गंज नखाने खरवडून तो वरवरचाच असल्याची खात्री पटवण्यात आली. घासाघीसही कुजबुजतच चालली; आणि कुजबुजून दिलेल्या नकाराला काही वजन नसते, हे त्या दिवशी मला उमगले. पंचवीस हजारांवर अडून बसण्यासाठी आवाज चढवावा लागतो. तो चढवता येईना, म्हणून यजमान उतरत उतरत अठरा हजारांवर आले. बयाणा तात्काळ दिला. ताबा मात्र बाळ उठल्यावर, दीड तासाने मिळाला.

छोट्या हत्तीतून ते धूड आमच्या इमारतीच्या दाराशी आले, तेव्हा सात फुटी खांब लिफ्टमध्ये मावेनात. ते चार मजले जिन्याने वर नेताना ‘‘काका, जरा हे टोक धरा’’ या विनंतीला मान देऊन मी जो व्यायाम केला, तो माझ्या मागील दहा वर्षांच्या व्यायामाला भारी होता. पुढे दोन दिवस उभारणी चालली. सगळे बोल्ट आधी हातानेच सैल बसवायचे, दोरी धरून दोन्ही कर्ण सारखे भरतात का पाहायचे आणि मगच २४ नंबरच्या पान्याने आवळायचे, हा शिरस्ता त्याने कसोशीने पाळला; कमी पडलेले दोन बोल्ट बोहरी आळीतून आणले; ओळंबा सोडला, पाणसळ ठेवली, आणि फरशीचाच उतार गॅलरीकडे निघाला, तेव्हा बिल्डरविषयी जे उद्गार काढले ते येथे देत नाही. एवढे झाल्यावर असे आढळले की, वरच्या नळीला लोंबकळून हनुवटी तिच्यावर नेली, की मस्तक पंख्याच्या हद्दीत जाते. विचारान्ती पंख्याला निवृत्ती देण्यात आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्लॅबवरील भाराबद्दल हरकत घेतली. त्यावर राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून आखतात, हे त्याने नम्रपणे निदर्शनास आणले, आणि गतवर्षी सत्यनारायणाला याच खोलीत पंचवीस माणसे सेक्रेटरींसह बसली असता कोणीही ना-हरकत दाखला मागितला नव्हता, याचे स्मरण दिले. सर्वांत शेवटी, गोळेश्वरच्या मातीतून निघून १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले ऑलिंपिक कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांची तसबीर त्याने समोरच्या भिंतीवर लावली. तीसुद्धा पाणसळ लावून.

व्यायाम सुरू झाल्याचे मला कळले ते एका रात्री दहाच्या सुमारास, भिंतीपलीकडून ‘खण्ण’ असा आवाज आला तेव्हा. धावत जाऊन पाहतो, तो लोहोपासक चार खांबांच्या मधोमध फतकल मारून बसलेला, मस्तकाशेजारी त्या दोन आडव्या नळ्यांवर ४० किलोंची दांडी शांतपणे टेकलेली, आणि मुद्रेवर अपयशाचा लवलेश नसून कन्येचे लग्न निर्विघ्न पार पडलेल्या पित्याचे समाधान.

‘‘धरलं, काका! बरोब्बर धरलं!’’

त्याने वही मागवली आणि सोळाव्या कलमापुढे खूण केली. तालमीत अशा वेळी पाठीशी वस्तादाचा हात असतो. चौथ्या मजल्यावर रात्री दहाला तो कोठून आणावा? ती उणीव या गृहस्थाने अठरा हजारांत भरून काढली, असे मनाशी म्हणत मी परतलो, आणि प्रथमच मला तो व्यवहार महाग वाटला नाही.

परंतु जामिनावर सर्वस्वी विसंबणे त्याच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवसापासून, आठवड्यातून तीनदा, ‘‘काका, नुसते मागे उभे राहा’’ म्हणून बोलावणे येते आणि त्या लोखंडी जामिनाला हाडामांसाचा जामीन म्हणून मी उभा राहतो. दांडी ४० वरून ५० किलोंवर आली आहे. वस्तादाची बाकी सर्व कर्तव्ये मला साधली आहेत. शिव्यांचा सराव तेवढा अद्याप कमी पडतो.