मागच्या गल्लीतले तात्या

तात्यांबरोबर कुठल्याही गावात उतरलं की मुख्य रस्त्यावर काही खायचं नाही, हे ठरलेलं. पोटात कावळे ओरडत असोत, पोरं रडत असोत, समोर कढईतून भजी निघत असोत, तात्या नाक फेंदारून म्हणणार, "इथं नको. ही दुकानं बाहेरगावच्यांसाठी. खरं मागच्या गल्लीत मिळतं." आपणही बाहेरगावचेच आहोत, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. तुमच्या ओळखीतही असा एक गृहस्थ असणारच. फार तर त्याला तुम्ही अप्पा म्हणत असाल.

आमचे तात्या नात्याने बायकोचे मावसकाका. म्हणजे टाळता येतील इतके लांबचे, पण प्रत्येक सहलीत असतीलच इतके जवळचे. कोल्हापुरात मिसळीच्या एका नामांकित दुकानापुढे आमचा नंबर अगदी दारापर्यंत आला होता. तेवढ्यात तात्यांनी आत डोकावून कटाचा रंग पाहिला आणि आम्हाला रांगेतून बाहेर काढलं. मे महिना, बारा वाजलेले. दोन गल्ल्या, एक गिरणी, एक तालीम आणि बांधलेलं एक अतिशय संशयी कुत्रं ओलांडून आम्ही खऱ्या मिसळीपाशी पोचलो तर ती संपलेली. "बघ," तात्या विजयी मुद्रेने म्हणाले, "खरी होती म्हणून संपली."

त्याच मुक्कामात संध्याकाळी गंगावेशीला दूध प्यायला गेलो. तिथे कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढतात आणि फेसाळलेला पेला थेट हातात देतात. यात खोट काय निघणार, असं मला वाटलं. तात्यांनी म्हशीकडे निरखून पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खरी म्हैस मागच्या गल्लीत असते."

कर्जतला तर कहर झाला. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना तिथे बोरघाट चढण्यासाठी जादा इंजिनं लावतात. 1863 साली हा घाट रेल्वेला खुला झाला. काही ठिकाणी चढ असा आहे की 37 फूट पुढे जायचं तर 1 फूट वर जावं लागतं. इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात बटाटेवडा खिडकीशी येतो. इतकी वर्षं कर्जतच्या वड्याचं नशीब त्या चढावर उभं आहे. बाकी साऱ्या डब्याने वडे घेतले. तात्या मात्र खऱ्या वड्यासाठी स्टेशनाबाहेर गेले. गाडी सुटली. काकूंनी डोळे मिटून घेतले, सवयीच्या होत्या. रात्री दहाला तात्या पुण्याच्या घरी उगवले ते तेलाने पारदर्शक झालेला कागद हातात धरून, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अरे, त्या गाडीलासुद्धा घाट चढायला जोर मागूनच लागतो ना?" ती इंजिनं मागूनच ढकलतात, हे खरं आहे. आता यावर काय बोलणार?

खाण्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. लग्नात पुढच्या हॉलमध्ये ताटं वाढलेली असताना तात्या मांडवामागे आचाऱ्याच्या कढईपाशी उकिडवे बसून जिलबी खात असतात. एकदा मला दम लागला तर मोठ्या हॉस्पिटलात नेऊ देईनात. खरा डॉक्टर मागच्या गल्लीत होता म्हणे. गेलो. तो दातांचा निघाला.

अपवाद एकच. अंबाबाईच्या दर्शनाला आमच्या एका पाहुण्यांनी मागच्या दाराने सोय केली होती. ओळख होती, दहा मिनिटांत काम झालं असतं. तात्या लांबच्या लांब रांगेत जाऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. "देवी आहे ती," म्हणाले, "मिसळ नव्हे." आम्ही दर्शन घेऊन बाहेर त्यांची वाट बघत बसलो आणि आमच्यापैकी कुणालाच काही बोलवेना. माणूस असा मध्येच एखाद्या बाबतीत बरोबर निघाला की जास्तच राग येतो.

हे खूळ आलं कुठून, ते पुढे एकदा एसटीत कळलं. तात्या सातारा जिल्ह्यातून नोकरीला मुंबईत आले ते लालबागला, गाववाल्यांच्या गाळ्यात. पंधरा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. जेवण मागच्या चाळीत एका बाईंकडे, महिन्याच्या बोलीवर. गिरणगावात अशा कितीतरी बायका चुलीवर घर चालवायच्या आणि सावकाराचं व्याज भरायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. तात्यांच्या बाई मंडळात होत्या की नव्हत्या, ते त्यांना आठवत नाही. पगार लांबला तर भाकरी लांबली नाही, एवढं आठवतं. गावी गेलं तर खाडा धरायच्या, वर एक वेळचं बरोबर बांधून द्यायच्या. 1982 च्या संपात निम्मी पंगत गावाला गेली ती परतली नाही. तात्यांची नोकरी गिरणीतली नव्हती, म्हणून ते जेवत राहिले. "पुढच्या रस्त्यावर हॉटेलं होती की," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण तिथं आधी कूपन घ्यावं लागायचं."

मग उगाच वाटलं, जाऊ दे, दोन गल्ल्या चाललो तर काय बिघडलं. ही भावना टिकली नाही, कारण पुढच्याच कोल्हापूर फेरीत माझ्या भाच्याने मिसळवाल्या मावशींचा फोनवर व्हिडिओ काढायला घेतला. तीच ती संपणारी मिसळ. तात्या त्याच्या अंगावर धावून गेले. "पत्ता टाकलास तर याद राख! उद्या इथं रांगा लागतील, परवा चव जाईल!" गल्लीतली माणसं दारात आली. मावशींनी झारा खाली ठेवला.

"आवं तात्या, चार गिऱ्हाईकं जास्ती आली तर तुमच्या पोटात का दुखतंय? माझं पोरगं कालेजात हाय. तुमी वर्साकाठी दोनदा येताय, त्यावर फी भरू व्हय?"

तात्या इतके गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते. आमची ती खरी मिसळ, अस्सल चव, कुणाला ठाऊक नसलेली जागा, हे सगळं मावशींच्या हिशेबात गिऱ्हाईक कमी एवढंच होतं. भाच्याने व्हिडिओ टाकला.

दिवाळीत गेलो तर रांग थेट तालमीपर्यंत. तात्या मुकाट्याने शेवटी उभे राहिले. पुढे डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला एक तरुण मित्राला सांगत होता, की इथे आता पूर्वीसारखं राहिलं नाही, खरी मिसळ मागच्या बाजूला मिळते. तात्या उसळले. "पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? किती वर्षं येतोस तू?" भांडण मावशींपर्यंत ऐकू गेलं.

"तात्या, तिथं वरडण्यापरास आत या नि कांदा चिरा. माणसं खोळंबल्यात."

तात्यांनी बाह्या सरसावून कांदा चिरला. फार जाड चिरला, आणि वाढायला येणाऱ्या पोरापासून पहिल्या बाकावरच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, की खऱ्या मिसळीला कांदा असाच लागतो.