तीस ग्रॅमचा नाश्ता

माझा लिपिड प्रोफाइल बघून डॉक्टर फक्त "नाश्त्यात फायबर वाढवा" एवढंच म्हणाले. घरी या वाक्याचा अर्थ लावायला खंडपीठ बसलं. आई म्हणाली, "भाकरी खा." बायको म्हणाली, "आधी साबुदाण्याची खिचडी बंद." तोवर लेकीने फोनवरून 'होल ग्रेन' सिरियलचा खोका मागवलासुद्धा.

खोका देखणा होता. दर्शनी बाजूला गव्हाच्या लोंब्या, वरून मधाची धार आणि भल्या पहाटे विनाकारण हसणारी एक सडपातळ बाई. पण रेल्वेचं तिकीटही मागून-पुढून वाचणारा मी, खोका आडवा केला. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. पहिला नंबर गव्हाचा. छान. दुसरा साखरेचा. मग मनुका, माल्ट अर्क, ग्लुकोज सिरप, मीठ आणि सगळ्यांच्या मागे मध. म्हणजे पुढे धो धो वाहणारा मध इथे मिठाच्याही मागे रांगेत! साखरेच्या भाऊबंदांनी चुली वेगळ्या मांडल्या होत्या म्हणून बरं. सगळी एका शिधापत्रिकेवर आली असती तर गव्हाला पहिली खुर्ची टिकवणं जड गेलं असतं.

एक 'वाढणी' 30 ग्रॅमची, असंही तिथे लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाडगा ठेवला आणि एकेक मूठ टाकत गेलो. दुसरी मूठ पुरती सुटायच्या आत काटा तिसाला पोचला. वाडग्याचा तळही नीट झाकला नव्हता. आई डोकावून म्हणाली, "चिमण्यांना घालतोयस का रे?" प्रथिनांच्या आकड्यावर एक चांदणी होती. चांदणीचा माग काढत खाली गेलो तर मुंगीच्या अक्षरात 'दुधासह'. म्हणजे निम्मं श्रेय आमच्या गवळ्याचं.

या खाण्याचा इतिहासही असाच. 1863 साली अमेरिकेत डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी 'ग्रॅन्युला' काढलं. ते रात्रभर भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसे. पुढे मिशिगनच्या बॅटल क्रीकमध्ये केलॉग बंधूंनी धान्याचे पापुद्रे लाटले. धाकट्या विलला त्यात साखर हवी होती, थोरल्या डॉक्टरांना ती विषासमान. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. भाऊबंदकी म्हटलं की आपल्याला बांध आठवतो. तिकडे नाश्त्यावरूनही होते. बाजारात जिंकली अर्थातच साखर.

आता चव. थंड दूध ओतल्यावर पहिलं मिनिटभर पापुद्रे इतके कडक, की चावताना बातम्या ऐकू येत नाहीत. त्यानंतर जेमतेम दोन-चार चमचे खरोखर झकास लागतात. गव्हाचा खरपूस वास येतो, कोंडा किंचित दाताखाली येतो, दूध गोडसर होतं. हे कबूल केलंच पाहिजे. पण नेमका तेवढ्यात फोन वाजला, दाराशी इस्त्रीवाला आला, की खेळ खलास. परत यावं तर वाडग्यात लापशी, तीही वेलदोड्याशिवायची. बायकोने सवयीने एकदा सायीचं गरम दूध ओतलं, तेव्हा ते दोन-चार चमचेही हाती लागले नाहीत.

पोषणाचं म्हणाल, तर अख्खं धान्य म्हणजे कोंडा, अंकुर आणि गाभा तिन्ही शाबूत. आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला हे तिन्ही वर्षानुवर्षं एकत्र दळून देतो, फक्त डब्यावर बाईचा फोटो लावत नाही. खोक्यातलं फायबर शंभर ग्रॅमला सात, म्हणजे माझ्या तीस ग्रॅमला दोन. ज्वारीत ते शंभराला साधारण 10 ग्रॅम. साठ-सत्तर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सहा-सात. हा हिशेब मी आईपासून लपवून ठेवला आहे. तिला कळलं तर या घरात पुढची दहा वर्षं दुसरा विषय निघणार नाही.

तरी खोका टाकून दिलेला नाही. सकाळी सव्वासातची लोकल गाठायची असेल तेव्हा भाकरी कोण थापणार? केळं कापून घातलं, वर मूठभर शेंगदाणे टाकले, तर वेळ निभावते. चवीला दहापैकी पाच, पोषणाला सहा, हसणाऱ्या बाईला शून्य. तुम्ही घेणार असाल तर 'वाढणी'चा रकाना सोडा, शंभर ग्रॅमचा वाचा: फायबर सहाच्या वर हवं आणि साखर पाचाच्या जितकी जवळ तितकी बरी. आणि दुकानात जाताना जवळचा चष्मा न्या, अक्षर फार बारीक असतं.