हँडब्रेक ओढू नका!

पहिल्या भेटीत हा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत नाही, तुमच्या गाडीच्या टायरांकडे बघतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्ही डिकीतून भाजीची पिशवी काढत असता आणि हा पुढच्या चाकाशी उकिडवा बसून रबरावरून अंगठा फिरवत असतो.

"बाहेरची कड जास्त झिजलीय. हवा किती ठेवता?"

"पंपवाला भरतो तेवढी," तुम्ही खरं ते सांगता.

तो उठतो, हात झटकतो आणि आता कुठे तुमच्याकडे बघतो. त्या नजरेत राग नसतो, निव्वळ कणव असते. संध्याकाळपर्यंत तुम्हाला न विचारता त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलेलं असतं.

हा ट्रॅक-डेवाला. वय चाळीस ते पन्नास. चाकण-पिंपरीच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीचा मॅनेजर, नाहीतर दातांचा डॉक्टर, नाहीतर सीए. रेसिंग करायचं वय होतं तेव्हा खिशात बसचा पास होता. खिशात पैसे आले तेव्हा कमरेत पट्टा आला. यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे ट्रॅक-डे. रेसिंगचा अख्खा ट्रॅक एका दिवसापुरता भाड्याने घ्यायचा, आपापल्या रोजच्या गाड्या तिथे न्यायच्या आणि रस्त्यावर जे कधीही करू नये ते तिथे पोटभर करायचं. बक्षीस नाही, नंबर नाही, पेपरात फोटो नाही. खर्च मात्र सगळा पदरचा.

त्याची स्वतःची गाडी बहुधा पोलो. चाकणला तयार होणारी ही गाडी २०२२ मध्ये बंद झाली आणि त्याचं सुतक अजून फिटलेलं नाही. बाहेरून ही गाडी वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन येईल इतकी सोज्वळ दिसते. आतून मात्र तिचे ब्रेक पॅड परदेशी, टायर परदेशी आणि इंजिनाचं सॉफ्टवेअर कुणीतरी रात्री जागून बदललेलं. या सगळ्याची घरी सांगितलेली किंमत आणि बिलावरची किंमत यांच्यात एका शून्याचा फरक असतो. वहिनींना तो फरक माहीत असतो. त्या योग्य वेळेची वाट बघत असतात आणि ही योग्य वेळ बहुतेक वेळा धनत्रयोदशीच्या आसपास येते.

महाराष्ट्राचं नशीब असं की गाड्या बनतात इथे, चाकणला, पिंपरीला, रांजणगावला, नाशिकला, आणि त्या मोकळेपणी पळवायच्या तर परमुलखात जावं लागतं. कोल्हापूरकडे कार्टिंगचा चांगला नाद आहे, अलीकडे पुण्याजवळही एक छोटा ट्रॅक झाला आहे. पण ट्रॅक-डेवाल्याच्या मते खरा ट्रॅक लांबच असावा लागतो. जवळ असला तर बायको डबा घेऊन येऊ शकते. त्याचं श्रद्धास्थान म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा. हे नाव तो एका दमात, कुठेही न अडखळता घेतो आणि ऐकणाऱ्याला एकदा घेऊन बघायला लावतो. दुसरा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, जेमतेम दोन किलोमीटरचा, पण "माणूस घडवतो". तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, पाच किलोमीटरहून लांब. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वर्षं सेबास्टियन वेटेल जिंकला. आपल्या चांदणी चौकावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बंगळूरमार्गे थेट इरुंगट्टुकोट्टईवरून पुढे चेन्नईत शिरतो. हा तो योगायोग मानत नाही. त्याच्या मते रस्ते बांधणाऱ्यांमध्ये कुणीतरी समजदार माणूस असणार.

बाराशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाणत जाताना शेजारी बसलेल्या नवशिक्याला इतिहासाचा घाट चढावाच लागतो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. ट्रॅक व्हायच्या आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. मग येतात करिवर्धन. हे नाव घेताना तो रेडिओ बंद करतो. कोइंबतूरच्या या माणसाने मारुतीच्या इंजिनावर, परवडतील अशा रेसिंग गाड्या देशातच बनवल्या. तशा गाड्यांत सुरुवात करूनच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, कारी ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. इथवर ऐकून नवशिका खरोखर भारावलेला असतो. तेवढ्यात ट्रॅक-डेवाला म्हणतो, "म्हणून सांगतो, ॲडव्हान्स वेळेवर भरत जा."

कारण त्याचं खरं दुखणं ते आहे. ग्रुपवर तारीख जाहीर झाली की तासाभरात अंगठे, आगीच्या ज्वाळा आणि 'इन भाऊ' यांचा पाऊस पडतो. पैसे मागितले की आभाळ लख्ख. एकाच्या गाडीचं क्लच गेलेलं असतं, एकाचे ब्रेक पॅड कस्टममध्ये अडकलेले असतात, एकाच्या मेहुण्याचं लग्न नेमकं त्याच शनिवारी निघतं. इकडे ट्रॅकचं भाडं आगाऊ भरायचं असतं. ॲम्ब्युलन्स दारात उभी असल्याशिवाय गाडी आत सोडायची नसते. आग विझवायची सोय हवी, वळणावळणावर झेंडे घेऊन मार्शल हवेत, वाळूत रुतलेली गाडी ओढायला दुसरी गाडी हवी आणि दुपारच्या जेवणात एकाला जैन, एकाला बिनतांदळाचं हवं. शिवाय 'जे होईल त्याला मी जबाबदार' या कागदावर प्रत्येकाची सही. शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान आपल्याकडचा नेहमीचा मोटार विमा देत नाही, हे तो तिथेच सांगतो. सही करणाऱ्याचा हात क्षणभर थबकतो, त्याला गाडीचे उरलेले हप्ते आठवतात. मग शेजारचा करतो म्हणून तोही करतो.

ट्रॅकच्या दिवशी ट्रॅक-डेवाल्याचा वधूपिता होतो. सगळ्यांना काही ना काही कमी पडतं आणि त्याची दाद मागायची जागा एकच असते. पहाटेपासून तो गाड्या तपासत फिरतो. डिकीतला जॅक काढा, पाण्याची बाटली काढा, डॅशबोर्डवरचा गणपती काढा. शेवटच्या सूचनेला विरोध होतो. "साहेब, चिकटवलेला आहे." तो दोन बोटांनी हलवून बघतो, खात्री पटली की नमस्कार करून पुढे जातो. चाकांचे नट पान्याने स्वतः तपासतो. हेल्मेट हातात घेऊन आत लेबल बघतो. एकाने अर्ध्या टोपीसारखं, पोलिसाला दाखवण्यापुरतं हेल्मेट आणलेलं असतं. त्याला तो काही बोलत नाही, आपलं जास्तीचं देतो. ते जास्तीचं हेल्मेट त्याच्याकडे दरवेळी असतं, कारण असा एक जण दरवेळी येतो.

मग ब्रीफिंग. हे त्याचं कीर्तन. पिवळा झेंडा: पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल: सेशन थांबलं, हळू हळू पिटमध्ये या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. काळा: तुमच्याशी बोलायचं आहे, आत या. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, आणि पुढच्याने हात दाखवून बाजू दिली तरच. दोन गाड्यांत सुरक्षित अंतर. "आणि ही शर्यत नाही. इथे कोणी पहिला येत नाही, कोणी शेवटचा येत नाही." सगळे गंभीरपणे माना डोलावतात आणि खिशातल्या मोबाइलवर लॅपचा वेळ मोजणारं ॲप चालू करतात. प्रश्न विचारा म्हटलं की मागच्या रांगेतून एकच प्रश्न येतो: "डोनट मारू का शेवटी?" त्यावर वेटेलचा दाखला तयार असतो. २०१३ मध्ये नोएडाला चौथं विश्वविजेतेपद मिळाल्याच्या आनंदात त्याने गाडी नेमल्या जागी न नेता ट्रॅकवरच गरगर फिरवली. त्याला ताकीद मिळाली आणि त्याच्या संघाला पंचवीस हजार युरो दंड. "वेटेलला सोडलं नाही, तुम्हाला सोडतील?" मागची रांग शांत होते. पंचवीस हजार युरोचे रुपये किती, याचा हिशेब चालू असतो.

गाड्या सुटल्या की माणसांची खरी ओळख पटते. सगळ्यांत महाग जर्मन गाडी घेऊन आलेले उद्योजक पहिल्या सरळ रस्त्यावर दिसेनासे होतात आणि तिसऱ्या लॅपला पांढरे फटक पडून पिटमध्ये परततात. पेडल जमिनीला टेकतंय म्हणतात. ट्रॅक-डेवाला त्यांना फळ्यावर समजावतो: वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की लवकर उकळतं. उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली की दबते, ब्रेक लागत नाही. "तेल कधी बदललंत?" उद्योजक ड्रायव्हरला फोन लावतात.

दुसऱ्या टोकाला एक पोरगा असतो. त्याच्याकडे वडिलांची जुनी एस्टीम. रंग उडालेला, एसी काढून टाकलेला, आरसा दोऱ्याने बांधलेला. तो सगळ्यांना मागे टाकतो, तेही सरळ रस्त्यावर नाही, वळणातून लवकर बाहेर पडून. तिसरा प्रकार पूर्ण पोशाखातला. रेसिंग सूट, हातमोजे, खास बूट. हा दिवसभर दिसतो फक्त फोटोत. आणि प्रत्येकाची कारणं तयार असतात. सकाळी टायर गार होते, दुपारी टायर तापले. गार आणि ताप यांच्यामध्ये चांगले टायर असण्याची वेळ नेमकी जेवणाची होती.

दिवसभरात सगळ्यांत जास्त सुधारणारी व्यक्ती मात्र भलतीच निघते. एक डॉक्टरीणबाई साध्या ऑटोमॅटिक गाडीतून आलेल्या असतात. त्यांनी ब्रीफिंगच्या वेळी वहीत लिहून घेतलेलं असतं. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक संपवायचा, नजर वळणाच्या पलीकडे, बाहेरून आत, आतून बाहेर. त्या तसंच करतात. संध्याकाळपर्यंत सूटवाल्यांना हात दाखवून त्यांना बाजू द्यावी लागते. ट्रॅक-डेवाला आनंदाने लोकांना सांगत सुटतो, "बघा, आधी हळू व्हायला शिकलं की वेग आपोआप येतो." ते कोणी ऐकत नाही. सगळे त्या बाईंच्या टायरचं मॉडेल कोणतं ते बघायला गेलेले असतात.

आणि दिवसभर एक आरोळी. गाड्या पिटमध्ये परतल्या, थांबल्या की चालवणाऱ्याचा हात सवयीने हँडब्रेककडे जातो. डिस्क लालबुंद तापलेली असताना पॅड एका जागी आवळून ठेवले तर डिस्क खराब होते. म्हणून हा उन्हात धावत, दोन्ही हात वर करून ओरडत असतो, "हँडब्रेक ओढू नका! गिअरमध्ये ठेवा! चाकाला दगड लावा!" संध्याकाळी आवाज बसतो. रात्री हॉटेलात झोपेतही तो हेच ओरडतो, असं त्याच्या खोलीत झोपणारे सांगतात.

तो स्वतः कधी चालवतो? शेवटच्या सेशनमध्ये. सगळ्यांचं झालं, बिलं चुकती झाली, हेल्मेट परत मिळालं की तो पोलोत बसतो, पट्टा आवळतो, एक वॉर्मअप लॅप घेतो. दुसऱ्या लॅपला मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी, ज्या वेगवान वळणाला सगळे आदराने 'सी-वन' म्हणतात, तिथे पोचतो आणि लाल झेंडा पडतो. पुढे मागच्या रांगेतला तो डोनटवाला वाळूत रुतलेला असतो. ट्रॅक-डेवाला हळू हळू, नियमाप्रमाणे, पिटमध्ये परत येतो. हँडब्रेक ओढत नाही. कुणाला त्याचा लॅपचा वेळ विचारायचा धीर होत नाही, आणि विचारला तर तो म्हणतो, "आज मी मोजलाच नाही. ही शर्यत थोडीच आहे?"

इतका वेगाचा शौक असलेला माणूस पुण्याच्या रस्त्यावर कसा चालवत असेल, असं तुम्हाला वाटेल. चाळीसच्या वर जात नाही. रविवारी पहाटे ताम्हिणीत गाड्या उडवणाऱ्या पोरांचा त्याला मनापासून संताप येतो. "समोरून येणारी एसटी काय झेंडा दाखवून येते का?" ट्रॅकवर चूक झाली की वाळू असते, घाटात दरी असते, हा त्याचा साधा हिशेब. म्हणून तो कर्वे रोडवर लेन सोडत नाही, पिवळ्या दिव्याला थांबतो, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे उभा राहतो आणि मागच्यांचे हॉर्न खातो. पण ट्रॅकची एक सवय सुटत नाही. मागून कोणी घाईत दिसलं की तो काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि कोणत्या बाजूने पुढे जायचं ते रीतसर दाखवतो. पुण्यात चालत्या गाडीची काच खाली आली की मागच्याला एकच शक्यता सुचते: पिचकारी. सगळे कचकन ब्रेक मारतात, स्कूटरवाले पाय टेकतात, रिक्षावाला आपल्या प्रवाशांसकट मागे सरतो. बाराशे किलोमीटर जाऊन, घसा फोडून जे सुरक्षित अंतर त्याला कोणी दिलेलं नसतं, ते कर्वे रोडवर फुकटात मिळतं. तो आरशात बघतो आणि समाधानाने म्हणतो, "बघा, लोक शिकतायत."