जरा तिकडे बघा

सेक्रेटरीकाका पासवर्ड टाकण्याआधी समोरच्याला सांगतात, "जरा तिकडे बघा." तिकडे म्हणजे भिंतीवर. भिंतीवर कालनिर्णय. मेंटेनन्सच्या पावतीसाठी गेलेल्या माणसाला पावती मिळेपर्यंत महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि संकष्टीचा चंद्रोदय पाठ होतो. प्लंबर तिकडे बघतो, तपासणीला आलेले ऑडिटर बघतात, चहा घेऊन आलेल्या काकूही इतक्या वर्षांच्या संसारानंतर निमूट बघतात. एवढं करून काका टाईप करणार एका बोटाने, आणि प्रत्येक अक्षर दाबताना ते पुटपुटणार. त्यामुळे पासवर्ड कोणी पाहिलेला नाही, ऐकलेला मात्र अख्ख्या बिल्डिंगने आहे.

सोसायटीचा कारभार काकांनी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस 2003 मध्ये चढवलाय. सभासदांची यादी, थकबाकी, सिंकिंग फंड, पार्किंगची भांडणं, सगळं एका एमडीबी फाईलीत. ती सुरक्षित हवी म्हणून त्यांनी टूल्स मेनूतल्या सिक्युरिटीत शिरून 'ॲडमिन'ला पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी काकू भिशीची फाईल उघडायला गेल्या, तर त्यांनाच नाव आणि पासवर्ड विचारला गेला. मग गणपतीच्या वर्गणीची फाईलही विचारू लागली. भिशीचा दिवस आला की काकांना दुपारच्या झोपेतून उठवायचं, आणि जमलेल्या आठ-दहा बायकांनी तिकडे बघायचं.

"ते विचारणं काढा, नाहीतर सोसायटीचं दप्तर घराबाहेर काढा," काकू म्हणाल्या. सोसायटीच्या कुठल्याच सर्वसाधारण सभेत इतका स्पष्ट ठराव झालेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आला. त्याने सांगितलं ते काकांना अजिबात आवडलं नाही. ॲक्सेस 2003 दर वेळी लॉगिन करतंच, आपल्याला दिसत नाही इतकंच. 'ॲडमिन' हे नाव आणि कोरा पासवर्ड घेऊन ते गुपचूप आत जाऊन पाहतं. जमलं तर प्रश्न मिटला, नाही जमलं तरच चौकट पुढे येते. काकांनी दिलेला पासवर्ड हिशेबाच्या फाईलीत गेलेलाच नव्हता. तो गेला होता सिस्टिम डॉट एमडीडब्ल्यू नावाच्या वेगळ्या फाईलीत. त्या मशीनवरचं प्रत्येक ॲक्सेस त्याच फाईलीला विचारून दार उघडतं, म्हणून भिशीही कुलूपबंद.

उपाय मिनिटभराचा. 'ॲडमिन' म्हणून आत जायचं, टूल्स, सिक्युरिटी, युजर अँड ग्रुप अकाउंट्स, तिथे चेंज लॉगऑन पासवर्ड. जुना पासवर्ड लिहायचा, नव्याच्या दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवायच्या. जुना पासवर्ड लिहिताना मुलाने तिकडे बघितलं, हे वेगळं सांगायला नको.

"पण आता फाईल उघडी पडली ना?"

"काका, ती उघडीच होती." मुलाने फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन स्वतःच्या लॅपटॉपवर लावली. काहीही न विचारता ती उघडली. 'ॲडमिन' हा वापरकर्ता जगातल्या सगळ्या ॲक्सेसमध्ये एकच. काकांचं कुलूप खोलीच्या दाराला होतं, कपाट उचलून दुसऱ्या खोलीत नेलं की मोकळं. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही 2007 मध्ये नव्या एसीसीडीबी फाईलींमधून वापरकर्त्यांची ही व्यवस्था काढून टाकली.

लॅपटॉपवर सभासदांचा तक्ता उघडला होता. शेवटचा रकाना 'शेरा'. 'मुलीचं लग्न आहे, दिवाळीनंतर विचारणे.' 'डायलिसिस सुरू. नोटीस पाठवू नये.' 'व्याज माझ्याकडून भरले, बोलू नये.' आणि दुसऱ्या मजल्यापुढे: 'नोकरी गेली. घरी सांगितलेले नाही. मुलासमोर विषय काढू नये.'

काकांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तरी ते म्हणाले, "जरा तिकडे बघ."

मुलाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काहीही न बोलता त्याने ती फाईल 'एक्सक्लुझिव्ह' पद्धतीने उघडून फक्त तिलाच डेटाबेस पासवर्ड लावला, आणि लॅपटॉपवरची प्रत पुसून टाकली. भिशी सुटली.

आता हे मान्य करायला जीवावर येतं, कारण याच काकांनी पार्किंगमधल्या चार इंचांवरून लोकांना पानभर पत्रं पाठवलेली आहेत. पण त्या संध्याकाळी ते गुडघे दुखत असताना जिन्याने मजले चढले. दर वर्षी सभेनंतर कमिटीच्या प्रत्येक सभासदाला ते हिशेबाची बॅकअप सीडी देत असत. अत्यंत सुरक्षित, असं बजावून. त्या सगळ्या त्यांनी 'व्हायरस आहे' म्हणून परत मागितल्या. कोणी रद्दीतून काढून दिली, कोणी चहाच्या कपाखालून.

तळमजल्यावरच्या सभासदाने आपली सीडी कबुतरं पळवायला गॅलरीत टांगली होती. काकांनी स्टूल मागवून तीही उतरवली. आठवडाभरात त्या गॅलरीतल्या कबुतरांच्या उपद्रवाबद्दल लेखी तक्रार आली, सेक्रेटरींच्याच नावे.