एका लायसनचे अण्णा

अण्णांचा पैसे खर्च करायला विरोध नाही. विरोध आहे तो माणशी खर्च करायला. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांचा पंपांचा कारखाना. मालक थोरले बंधू, पण तिजोरीची किल्ली अण्णांच्या कनवटीला. लग्नाला गेले तरी आधी पंगत मोजतात, मग अक्षता टाकतात.

दोनशे डीलरांना आपापली विक्री, येणी आणि गोदामातला माल मोबाइलवर दिसावा, म्हणून मी मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट करून दिले. अण्णा खूश झाले. मग मी म्हणालो, "बाहेरच्या माणसांना दाखवायचं तर लायसन लागेल."

"बघायचं लायसन? बंदुकीला असतंय, दारूला असतंय. बघायला कसलं?"

मी भाव सांगितला. २०१५ साली पॉवर बीआय बाजारात आलं तेव्हा 'प्रो' लायसन माणशी महिन्याला ९.९९ डॉलर होतं. जवळजवळ दहा वर्षं भाव तोच राहिला आणि एप्रिल २०२५ पासून १४ डॉलर झाला. दहा वर्षं भाव न वाढवणाऱ्याबद्दल अण्णांच्या डोळ्यांत आदर दाटला. पण गुणिले दोनशे केल्यावर २८०० आले आणि आदर ओसरला.

"एक घे," अण्णा म्हणाले.

लायसन एका माणसाच्या नावावर असतं, ते सगळ्यांत फिरवणं नियमात बसत नाही, हे मी सांगेपर्यंत पासवर्ड डीलरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला होता. अडचण एवढीच, की लॉगिन केलं की सहा आकडी कोड अण्णांच्या मोबाइलवर यायचा. सकाळी नऊपासून अण्णा चष्मा कपाळावर सरकवून, फोन हातभर लांब धरून आकडे सांगत बसलेले. "कोण, जयसिंगपूर? चार, शून्य, सात... थांब, हा इस्लामपूरचा आला." दुपारपर्यंत घसा बसला. कोडला पैसे पडत नाहीत, एवढं एक समाधान.

मग त्यांना भाच्याकडून कळलं, की 'पब्लिश टू वेब' नावाची सोय फुकट आहे. फुकट का, हे भाच्यानं सांगितलं नव्हतं. तिथे लॉगिनच नसतं. लिंक ज्याच्या हातात, त्याला सगळं दिसतं आणि कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे बांधून देता येत नाही. संध्याकाळी सांगलीच्या डीलरनं इचलकरंजीच्या डीलरला मिळणारी सूट पाहिली. रात्री इचलकरंजीनं मिरजेची पाहिली. सकाळी तिघेही कारखान्याच्या फाटकात उभे होते, आणि त्यांच्यातली एकी पाहून अण्णांनी स्वतः लिंक बंद करायला लावली.

तिसरा प्रयोग चाचणीचा. प्रोग्रॅमरला रिपोर्ट वेबसाइटवर जोडून पाहण्यापुरते मोजके टोकन मिळतात, आणि रिपोर्टच्या डोक्यावर 'फ्री ट्रायल' अशी पट्टी येते. "त्या पट्टीवर आपला स्टिकर बसंल का?" अण्णांनी विचारलं. स्क्रीनवर स्टिकर.

शेवटी मी दुसरी वाट सांगितली. माणसं मोजायचीच नाहीत, मशीन भाड्यानं घ्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर 'ए-१' घेतलं तर एक व्ही-कोर, तीन जीबी मेमरी, तासाला साधारण एक डॉलर. डीलर आपल्याच वेबसाइटवर लॉगिन करणार. कोणाला काय दाखवायचं ते आपला प्रोग्रॅम ठरवणार. डीलरांना मायक्रोसॉफ्टचं लायसन नको. रिपोर्ट तयार करून तिथे ठेवणाऱ्याला तेवढं एक प्रो लागेल.

अण्णा उठून उभे राहिले. "म्हंजे ताटावर न्हाई, आचाऱ्याला उक्तं! आणि लायसन किती?"

"एक."

"मग मी पयल्या दिवसापासनं काय सांगत हुतो?"

काय बोलणार? माझी चूक एवढीच झाली, की हे मशीन मध्येच थांबवता येतं आणि थांबल्या वेळेचं भाडं पडत नाही, हेही मी सांगून बसलो. आता रात्री आठला दिवाबत्ती करून अण्णा मशीन बंद करतात. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी, तेव्हाही बंद. एकदा कराडचा डीलर ऐन सव्वा एकला गिऱ्हाइकापुढे मोबाइल धरून बसला होता आणि रिपोर्ट उघडेना. त्यानं फोन केला. "जेवायच्या वक्ताला कोण हिशेब बघतंय?" असं म्हणून अण्णांनी भाकरी मोडली.

पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा त्यांनी तासन्‌ तास ताडून पाहिलं, बरोबर निघालं म्हणून थोडे हिरमुसले, आणि मग मला बोलावून म्हणाले, "पुढच्या म्हैन्यापासनं डीलरांकडनं बघणावळ घ्यायची. शंभर रुपये."

"सगळ्यांचे मिळून?"

"माणशी!" अण्णा म्हणाले. "बघणारी माणसंच न्हवं का?"